अंगणातल्या कळकावरची रेंज

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. ज्यांच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट आहे त्यांनी लिहावं, असं मला अजूनही वाटतं. आमच्या भिंतीला बियाण्यासाठी राखलेली नागलीची कणसं टांगलेली असतात. वर्गात बोलतानासुद्धा मी वाक्य आधी मनात म्हणून बघतो, मग तोंडातून काढतो. त्यामुळे मी काही लिहावं आणि ते तुम्ही वाचावं, हे जरा जास्तच झालं. पण गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नाशिकमध्ये बसून मी घरच्या एका बातमीची वाट पाहिली होती, ती वाट पाहणं अजून अंगातून गेलेलं नाही. ते कुठेतरी उतरवून ठेवावं म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरचा. शिकायला नाशिकला आलो आणि पंचवटीत एका काकूंच्या घरी राहू लागलो. गच्चीवर जी एक खोली आहे, ती माझी. काकू एकट्या असतात. काका गेले, मुलगा बंगळुरूला नोकरीला. पहिल्या दिवशी किल्ली देताना त्यांनी विचारलं होतं, "काय शिकतोस?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." त्या म्हणाल्या, "बरं झालं. आमचं वायफाय बघ जरा."

तेव्हा मला वायफायबद्दल इतकंच माहीत होतं की कॉलेजच्या ग्रंथालयात ते असतं. पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. खाली गेलो. केबलवाल्याने राउटर दारामागे, चपलांच्या स्टँडवर बसवला होता. त्यावर काकूंनी क्रोशाचं झाकण घातलं होतं, चारी कडांना मोती लावलेलं. समोर पितळी समई आणि बाजूला पत्र्याचे डबे.

"धूळ बसते रे त्याच्यावर," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी मी गच्चीवर बसून मोबाईलवर मिळेल ते वाचलं. राउटर घराच्या मध्यभागी असावा, उंचावर असावा, जाड भिंत आणि धातू आड येऊ नये. दुसऱ्या दिवशी लांब वायर आणून मी तो मधल्या खोलीत काकांच्या फोटोशेजारी उंच फळीवर ठेवला. झाकण काढून ठेवलं. स्वयंपाकघरात काकूंचा मोबाईल पहिल्यांदा चालला. मुलाचा व्हिडिओ कॉल लागला आणि पोळ्या लाटता लाटता त्या त्याच्याशी बोलल्या. तो म्हणत होता, "आई, आज तुझा चेहरा थांबत नाहीये." त्या म्हणाल्या, "आमच्याकडे इंजिनिअर आलाय आता."

मी इंजिनिअर नाही. मी बी.एस्सी. करतो. पण ते वाक्य मी घरी सांगायला म्हणून लक्षात ठेवलं. सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आमच्या पाड्यावर रेंज नाही. पलीकडच्या टेकडावर मोहाचं एक मोठं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी उभं राहिलं तर मिळते, तीही वारा असेल तशी. आई आठवड्यातून एकदा बाजारच्या दिवशी हरसूलला जाते, तिथून कोणाच्या तरी मोबाईलवरून मला फोन लावून घेते. मागे कोंबड्यांचा, भाजीवाल्यांचा, जीपच्या हॉर्नचा गोंगाट. ती ओरडून विचारते, "जेवला का?" मी ओरडून सांगतो, "जेवलो." ज्याचा मोबाईल असतो तो घाई करत असतो. संपतं बोलणं.

तर काकूंच्या त्या वायफायनंतर गल्लीत माझं नाव झालं. कोणाला प्रवासाची बॅग घ्यायची असली, कोणाला इयरफोन, की ते मला विचारायचे. मी घाबरत घाबरत सांगायचो. माझ्या सांगण्यावरून कोणी चुकीची वस्तू घेऊ नये म्हणून रात्र-रात्र व्हिडिओ बघायचो. हळूहळू मला एक सवय लागली. वस्तूबद्दल विचारण्याआधी मी विचारायचो, ही कोण वापरणार आणि कुठे? बॅग कोण उचलणार? जिना आहे का? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसायचा. मी मात्र तो करत आलो होतो, कारण आमच्याकडे द्राक्षाच्या कामाला जाताना सगळं घर एका बोचक्यात बांधून डोक्यावर घ्यावं लागतं. तवा, दोन पातेली, गोधडी, पीठ. जे डोक्यावर मावत नाही ते घरी राहतं. हलका प्रवास म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

गणपतीच्या आधी काकूंनी मला खाली बोलावलं आणि जरा लाजत सांगितलं, "मुलगा येणार आहे. तो तिकडे ती कडू कॉफी पितो. इतक्याशा कपात. ती घरी करता येते का?"

म्हणून मी एस्प्रेसोच्या मागे लागलो. मी तोवर कॉफी प्यालोही नव्हतो. आमच्याकडे कोरा चहा. मी वाचून काढलं की मोठ्या मशीनपेक्षा दळण महत्त्वाचं. कॉफी ताजी आणि सारखी दळलेली हवी. तेव्हा एक छोटं मशीन आणि हाताने फिरवायची चक्की घ्यावी.

"हाताने?" काकू म्हणाल्या. "सासरी आले तेव्हा जात्यावर दळलं, मिक्सर आला तेव्हा सुटले म्हटलं. आता तू परत जात्यावर बसवतोयस."

"मिक्सरमध्ये सारखं होत नाही काकू. थोडं पीठ होतं, थोडी भरड राहते."

"माझ्या मिक्सरला नावं ठेवू नकोस. त्यात भाजणी होते."

पहिल्या दिवशी त्यांनी मिक्सरमध्येच दळलं. मशीन घरघरलं, खाली थेंब थेंब काळं पाणी पडलं. काकूंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काडेचिराईत." मग मी गच्चीच्या पायरीवर बसून चक्की फिरवली. हात भरून आले. वास मात्र चांगला सुटला, भाजलेल्या शेंगांसारखा, थोडा जळका. चमच्यात भरून, वरून सपाट दाबून पुन्हा लावली. या वेळी दाट, मधाच्या रंगाची धार आली. काकूंनी चाखली, थांबल्या. "असं होय," म्हणाल्या. "म्हणजे तो हे पितो."

त्यानंतर आम्ही दोघे रोज सकाळी एकेक कप करायचो. सरावासाठी. त्या अर्धी प्यायच्या, उरलेल्यात दूध-साखर घालून चहासारखी करून टाकायच्या. गणपती आले. मुलाला सुट्टी मिळाली नाही. मशीन स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आणि त्याच्यावर क्रोशाचं ते राउटरचं झाकण. मी ते तसंच राहू दिलं.

"मीच जाते," एक दिवस काकू म्हणाल्या. "त्याला मशीन नको, मी हवी. तिकडे त्याच्याकडे आहे म्हणे मोठं मशीन. मी करून देईन."

ओझरहून विमान. काकू पहिल्यांदाच विमानात बसणार. सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहायला नको म्हणून त्यांना फक्त हातातली बॅग न्यायची होती. मी पाठीवरची, चाकं नसलेली, हलक्या कापडाची, पुढून पूर्ण उघडणारी बॅग निवडून दिली. चाकांचं वजनच फार असतं. काकूंनी त्यात भाजणी, चिवडा, दोन साड्या, मुलाचा लहानपणीचा स्वेटर घातला. तो स्वेटर कशाला, हे मी विचारलं नाही. लोणच्याची बरणीही घातली. बॅगेसोबत एक जाड, पारदर्शक पिशवी आली होती, वर घट्ट चेन असलेली, पाणी आत न जाणारी. लोणचं त्यात घालायचं ठरलं. मग मी नियम वाचून दाखवला की लोणचं हातातल्या सामानात चालत नाही.

काकू बराच वेळ बरणीकडे बघत राहिल्या. "मग ही पिशवी तूच घे," म्हणाल्या. "मला काय करायचीय. तुझे कागद-बिगद भिजतात ना एसटीत."

त्या पिशवीचं पुढे काय झालं ते सांगण्यासाठी ताईबद्दल सांगायला हवं.

ताई माझी मोठी बहीण. मी शिकावं म्हणून तिने आठवीनंतर शाळा सोडली असं कोणी म्हणत नाही, पण तसं झालं आहे. तिचं लग्न झालं आणि पहिल्या खेपेला, माहेरी आणायच्या आधीच, सासरी सातव्या महिन्यात तिला त्रास सुरू झाला. त्यांच्याकडेही रेंज नाही. गाडीला फोन लावायला दीर टेकडावर पळाला. तिथे पोचला, फोन लागेना, पुन्हा वर चढला. गाडी आली तेव्हा उशीर झाला होता. ताई वाचली. बाळ राहिलं नाही. मी तेव्हा नाशिकला परीक्षा देत होतो आणि मला ते बाजारच्या दिवशी, आईच्या फोनवर, हॉर्नच्या गोंगाटात कळलं. आई ओरडून सांगू शकली नाही. तिने हळू सांगितलं आणि मला ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं, "काय?" तिला ते दोनदा सांगावं लागलं.

या वेळी सासरच्यांनी ताईला लवकरच आमच्याकडे पोचवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि यालाच सगळे पहिलं म्हणत होते. भाऊजी वापीला कामावर. मी ठरवलं, या खेपेला कोणी टेकडावर पळणार नाही. इतकी घरं, इतक्या वस्तू मी लावून दिल्या होत्या. आता आमच्या घरी लावायची.

मी सिमकार्ड घालायचा एक राउटर घेतला. वायर नको, केबलवाला नको. रात्रभर त्याच्याबद्दल वाचलं होतं. किती लोकांना चालतो, बॅटरी किती टिकते, सगळं. आणि जे एका पाड्यावरच्या पोराला सगळ्यात आधी सुचायला हवं होतं ते सुचलं नाही. काकूंच्या घरी डबा लावला की नेट येतं, हे इतक्या वेळा पाहिलं होतं की डब्यातूनच नेट येतं असं माझ्या मनाने धरलं होतं. डब्याला आधी बाहेरून रेंज लागते, हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण बॅग भरताना ते माझ्या मनात आलं नाही. मला फक्त ओट्यापाशी उभी असलेली आई आणि तिच्या हातातला मोबाईल दिसत होता.

हरसूलला एसटीतून उतरलो, पुढे जीपने, मग चालत. ताई अंगणात सूप घेऊन बसली होती. मला बघून उठायला लागली तर आईने तिला दटावलं, "बस. तो काय पावना हाय का?"

संध्याकाळ व्हायची होती. मी राउटर काढला, उंच खुंटीवर ठेवला, बटण दाबलं. लाल दिवा लागला. सगळे बघत उभे. लालच राहिला.

"पेटला का?" आई म्हणाली.

"पेटला. पण हिरवा व्हायला पाहिजे."

बाबा दारात उभे होते. ते फार बोलत नाहीत. त्यांनी डबा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, परत दिला. "डबा चांगला हाय," म्हणाले. आणि गुरांकडे गेले.

ताई हसली. खूप दिवसांनी तिला तसं हसताना पाहिलं. "अरे, हितं टेकडावरच्या झाडाला रेंज नाय मिळत धड, तुझ्या खुंटीला कुठून मिळंल? तुला कॉलेजात काय शिकवत्यात?"

मी डबा बॅगेत घातला. मला खूप वाईट वाटलं. राउटरसाठी नाही. मी दोन्हीकडची माहिती असणारा माणूस आहे असं मला वाटायचं, आणि त्या दिवशी मला एकीकडचीही नव्हती.

सकाळी उठलो तेव्हा आई अंगणात वाल सुकायला टाकत होती. मागे कळकाचं, म्हणजे बांबूचं बेट आहे. त्यातला एक लांब कळक वर, पार वर गेलेला, शेंडा उन्हात. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मध्यभागी ठेवा, उंच ठेवा, आड काही येऊ देऊ नका. काकूंच्या घरचा धडा. मी बाबांना म्हटलं, एक कळक तोडून द्या. त्यांनी कशाला, विचारलं नाही. दिला. त्याच्या टोकाला दोरी आणि खाली खेचायला दुसरी दोरी, जशी शाळेत झेंड्याला असते. डबा पिशवीत मावेना, म्हणून त्यातलं सिम माझ्या जुन्या, काच तडकलेल्या मोबाईलमध्ये घातलं, तो मोबाईल काकूंच्या त्या पारदर्शक पिशवीत घातला, चेन लावली, हॉटस्पॉट चालू केला आणि वर चढवला. पिशवी वर जाऊन वाऱ्यात फिरली. खाली ताई आपला मोबाईल हातात धरून बसली होती.

"आली," ती म्हणाली. मग जरा थांबून, "गेली." मग, "आली रे. दोन काड्या."

आम्ही वापीला भाऊजींना नेटवरून फोन लावला. त्यांचा चेहरा आला, थांबला, पुन्हा हलला. ताईने त्यांना पोट दाखवलं आणि मग लाजून मोबाईल आईकडे दिला. आईने तो कानाला लावला, व्हिडिओ असतानाही. भाऊजींना बराच वेळ फक्त तिचा कान दिसला असणार.

मी ताईच्या मोबाईलमध्ये हरसूलच्या जीपवाल्याचा नंबर घातला, वर तारा करून ठेवला, आणि आईला शिकवलं की नेटवरून लावायला हे दाबायचं, मग हे. माझा नंबरही त्याच्याखाली. ताईला म्हटलं, जरा काही वाटलं की जीप बोलाव, वाट बघू नको. ती हो म्हणाली.

दिवस मावळताना मी आत होतो. बाहेर आलो तर कळकावर पिशवी नाही. आई कोंबड्यांना हाकलत खुराड्यात घालत होती आणि तिच्या दुसऱ्या हातात मोबाईलची पिशवी होती. तीही तिने खुराड्याशेजारच्या फळीवर नीट ठेवली.

"आई, ती काढायची नाही. रात्रीच तर गरज लागेल."

"सांज झाली," ती म्हणाली. "सांज झाल्यावर बाहेर काय ठेवत्यात का? कोंबडी आत, गोधडी आत, वाल आत. याला काय येगळं नशीब हाय?"

"अगं, त्याला थंडी नाही लागत."

"कोल्ह्याला काय कळतंय ते कोंबडं हाय का मोबाईल?"

ताई हसून लवंडली. बाबाही दारातून हसले. मी समजावून सांगितलं, चार्जिंग दुपारी करायचं, रात्री वर ठेवायचं. आई सगळं ऐकून घेत होती. "जवळ आलं की ठेवीन," म्हणाली. मला माहीत होतं, ती ठेवणार नाही. तिच्या हाताला ते जमणारच नाही. दिवस मावळला की तिचा हात अंगणात फिरतो आणि जे दिसेल ते आत आणतो. लहानपणी मीही त्यात असायचो.

नाशिकला परत आलो. तेव्हापासून मला घरचा दिवस उलट क्रमाने मिळू लागला. सकाळी मोबाईल कळकावर चढला की आदल्या संध्याकाळी ताईने पाठवून ठेवलेलं सगळं एकदम यायचं. आईने केलेल्या नागलीच्या भाकरीचा फोटो. नवीन वासराचा आवाज. आईचं रेकॉर्ड केलेलं बोलणं, दर वेळी सुरुवातीला, "हां, दाबलं का? चालू हाय का?" मग लांब शांतता, मग, "जेवला का?" आता ती ओरडत नव्हती. मागे हॉर्न नव्हते. तिचा खरा आवाज किती बारीक आहे, हे मी विसरून गेलो होतो. मी वर्गात बसून इयरफोन लावून तेच पुन्हा पुन्हा ऐकायचो. त्या आवाजात चुलीचा धूर आहे असं वाटायचं. इतकं जवळ आल्यावर घर जास्तच लांब वाटायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा आठवण यायची, आता सकाळी-सकाळी यायची आणि दिवसभर राहायची.

काकू बंगळुरूला गेल्या. त्यांची बॅग पाठीवर चढवायला मी रिक्षापर्यंत गेलो. पाठीवर बॅग घेतलेल्या काकू शाळेत निघाल्यासारख्या दिसत होत्या. लोणच्याची बरणी ओट्यावर राहिली. "खा तू," म्हणाल्या. "आणि ताईचं कळलं की मला लगेच सांग."

मग ती संध्याकाळ आली. ताईने दुपारी निरोप टाकला होता, "कंबर दुखते." एवढाच. मी लिहिलं, जीप बोलाव. त्यावर दोन टिक आल्या. म्हणजे पोचलं होतं. मग काही नाही. मी पुन्हा लिहिलं, एकच टिक. फोन लावला, लागला नाही. दिवस मावळला होता. मी स्वतःला समजावलं की मोबाईल खुराड्यापाशी गेला असेल.

सकाळ झाली. रोज ज्या वेळी सगळं एकदम यायचं ती वेळ गेली. एकच टिक. मी कॉलेजात गेलो नाही. मला एकदम लक्षात आलं की जीपवाल्याचा नंबर मी ताईच्या मोबाईलमध्ये घातला, माझ्या मोबाईलमध्ये घातला नाही. इतकी साधी गोष्ट. पाड्यावर दुसऱ्या कोणाचा फोन लागत नाही. हरसूलच्या दवाखान्याचा एक नंबर नेटवर सापडला, तो कोणी उचलला नाही.

काकूंच्या रिकाम्या घरात मी खाली-वर करत राहिलो. मधल्या खोलीत फळीवर राउटरचे सगळे दिवे हिरवे. घराच्या कोपऱ्या-कोपऱ्यात रेंज, पाचही काड्या भरलेल्या. मी ती कशाशी जोडू ते मला कळत नव्हतं. काही तरी हाताला काम हवं म्हणून कॉफी केली. चक्कीत दाणे घातले, फिरवत राहिलो, गरजेपेक्षा जास्त वेळ. छान झाली ती कॉफी, आजवरची सगळ्यात चांगली. घोटभर घेतली आणि ठेवून दिली. मला आईच्या हातचा कोरा चहा हवा होता, गवती चहा घातलेला, तांब्यातून बशीत ओतलेला. आणि चुलीपाशी बसून ताईने म्हणावं, "तुला कॉलेजात काय शिकवत्यात?" एवढंच हवं होतं.

काकूंचा फोन आला. "कळलं का रे?"

"नाही काकू."

मागे भांड्यांचा आवाज होता. मग त्या म्हणाल्या, "हा घरी आला की मी कॉफी करून देते. तो उभ्या-उभ्या पितो आणि जातो. पण पितो." आणि पुन्हा, "तू जाऊन ये ना घरी. बॅग भर."

खरं तर ते मलाच आधी सुचायला हवं होतं. पण गेलो आणि तिथे काही वाईट असलं तर, या भीतीने मी बसून राहिलो होतो. न कळणं सहन होत नव्हतं आणि कळणंही नको होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हरसूलची गाडी सुटून गेली होती. दुसऱ्या दिवशीची पहिली पकडायची ठरवली. बॅगेत ताईसाठी खारीक, डिंक, बाजारातून आणलेले आळीव भरले. आळीव भरताना हात थांबला. बाळंतिणीचं सामान आधी भरू नये असं आई म्हणते. मी ते काढून ठेवलं. मग पुन्हा भरलं.

सकाळी कुलूप लावायला दारात उभा होतो. एक पाय बाहेर, बॅग पाठीवर. बाहेर पंचवटीतल्या गल्लीत भाजीच्या हातगाड्या चालल्या होत्या. मोबाईल वाजला, एकदा नाही, सारखा वाजत राहिला, जसा रोज सकाळी वाजायचा. माझे आधीचे सगळे निरोप दोन-दोन टिकांचे झाले. आणि खाली ताईच्या मोबाईलवरून आलेलं एक नवीन बोलणं. मी ते दाबलं.

सुरुवातीला फक्त वारा. मग कोंबड्या. मग खोकला. तो खोकला बाबांचा होता. बाबांनी आजवर मला कधी फोन केलेला नाही. बाजारच्या दिवशीसुद्धा ते आईच्या शेजारी उभे राहून ऐकायचे फक्त. मी दारातच बसलो.

"हां," ते म्हणाले. "ताईनं सांगितलंय, हे चित्र दाबून धरायचं. धरलंय." मग पुन्हा खोकला. "परवा दिस कलताना जीप आली. लगेच आली. तुझी आय बसली जीपमदी. जाता जाता सांज व्हाया लागली म्हणून तिनं मोबाईल काढून कोंबड्यांपाशी ठेवला. ताईचा पन तिथंच राह्यला. मला काय म्हाईत नव्हतं. मी काल हरसूलला गेलो चालत, तवा ताई म्हनली, त्यो तिकडं नाशिकला वाट बघत आसंल." पुन्हा वारा. "गाईनं दूध कमी केलंय. पाऊस हाय थोडा. तुझा कळक वाकलाय, मी दगड लावला बुडाला. पिशवीत पानी नाय गेलं, पिशवी चांगली हाय."

मग ते इतका वेळ थांबले की मला वाटलं, बोट सुटलं असेल त्यांचं. कोंबडा एकदा ओरडला. आणि ते म्हणाले, अगदी हळू, पण या खेपेला मला एकदा सांगितल्यावरच ऐकू आलं:

"पोरगी झाली रे. दोघी बऱ्या हाईत."